मिटत्या चाकूचं लॉक : वडसरच्या नर्सरीसाठी केलेल्या तपासणीच्या नोंदी

८ जुलै २०२४

काम असं आहे. मावसभावाची नर्सरी वडोदऱ्यात, वडसरला. पावसाळा लागला की तिथे आंब्याची कलमं बांधायला सुरुवात होते. माळ्यांच्या हातात असतात ते मिटते चाकू सगळे साध्या स्प्रिंगचे, उघडं पातं अडकवून ठेवणारं लॉक नसलेले. दर हंगामात कुणाच्या ना कुणाच्या तर्जनीला टाके पडतात. वहिनींचं म्हणणं, "भाऊजी, तुम्ही आयुष्यभर टूलरूममध्ये काढलंत. कुठलं लॉक घ्यायचं ते एकदा ठरवून द्या, मी तेवढेच मागवते."

मागवायला हरकत नाही, पण बाजारात लॉकचे पाच-सहा प्रकार आहेत आणि प्रत्येक विकणारा 'सगळ्यात मजबूत' एवढंच सांगतो. मजबुती मोजता येते, ती मी मोजेनच. पण माळ्याचं बोट कापलं जातं ते लॉक मोडल्यामुळे की सुटल्यामुळे, हे आधी पाहायला हवं. आणि मिटवताना बोट पात्याच्या वाटेत येतं का, हेही. या गोष्टी जाहिरातीत नसतात.

नमुने जमवायला घेतले. काही माझ्या खणातले, काही मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या जुन्या सोबत्यांकडून, दोन ऑनलाइन मागवलेले. नाव नसलेले, नक्कल केलेले, थोडे चांगले, सगळेच. पात्याची लांबी ७५ ते ८५ मिमीच्या आसपास ठेवली म्हणजे तुलना करता येईल.

१० जुलै

सकाळी नर्सरीत जाऊन नुसता बसलो आणि हात पाहिले.

कलमाच्या तिरक्या छेदात चाकू मिटत नाही. तिथे जोर धारेकडून येतो, म्हणजे पातं उघडंच राहायच्या बाजूला ढकललं जातं. मिटतो तो दोन वेळी. एक, रोपाची काळी पॉलिथिन पिशवी टोकानं भोसकताना. टोक अडलं, हात पुढे गेला, मूठ किंचित खाली झुकली, की पाठीवर भार आला. दुसरी वेळ, खुंटात (ज्या रोपावर कलम बांधायचं त्यात) पाचरीसाठी चीर देताना पातं लाकडात रुततं तेव्हा. मग माळी ते वरखाली हलवून सोडवतो आणि एका हेलकाव्यात ते बोटांवर येतं.

मोठे माळीकाका हात दाखवत म्हणाले, "साहेब, कापवामां वांधो नथी, काढवामां बंध थई जाय छे." कापताना नाही, काढताना मिटतो. माझं निम्मं काम त्यांनीच करून ठेवलं होतं.

स्प्रिंगचा काटा लावून पिशवी भोसकताना पाठीवर येणारा आडवा भार पाहिला. दोन किलोच्या वर गेला नाही. आणि साध्या स्प्रिंगचा चाकू टोकाशी किलो-सव्वा किलोला मिटतो. गणित इथेच संपलं. म्हणजे मजबुती लागते ती फार थोडी, पण जी लागते ती दर वेळी, ओल्या हातात, चिकानं माखलेल्या चाकूत मिळायला हवी.

१४ जुलै

रविवारी स्टँड केला. अँगलची चौकट टेबलाला बोल्टनं आवळली, वाइसच्या जबड्यांना सागवानी फळ्या लावल्या म्हणजे मूठ चेपणार नाही. चाकू पाठ वर करून आडवा धरायचा, पिव्हटपासून (पातं ज्या पिनेभोवती फिरतं तिथून) बरोबर ८० मिमीवर पाठीवर हूक, त्याला बादली, बादलीत वाळू हळूहळू. धार आधी ऑइलस्टोनवर मारून बोथट केली आणि वर टेप. समोर पॉलीकार्बोनेटचा जुना मशीनगार्ड उभा केला. हात आत घालायचा नाही, बादली उतरवल्याशिवाय तर नाहीच.

मर्यादा १० किलो ठेवली. ८० मिमीवर १० किलो म्हणजे ७.८५ न्यूटन-मीटरचा पीळ. पात्याच्या बुडावर लॉक टेकतं ती जागा पिव्हटपासून जेमतेम ६ मिमी. तिथे हाच पीळ सुमारे १३०० न्यूटन, म्हणजे १३० किलोच्या वर भार होऊन उतरतो. दहा किलोची बादली आणि आत १३० किलो. मिटत्या चाकूच्या लॉकची सगळी गोष्ट या ६ मिलिमीटरांत आहे. पिव्हटपासून लॉक जितकं दूर टेकेल तितका भार कमी, म्हणून बुडाशी रुंद असलेलं पातं नेहमीच फायद्यात.

कलाभवनात इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला असताना असलीच गणितं कप्पीवर आणि तरफेवर केली होती. मोडेपर्यंत भार देण्यात मला रस नाही. दहा किलोवर रात्रभर टांगलेलं राहिलं की माझ्या कामापुरतं पास.

१७ जुलै

आषाढी. घरी उपास, हातात वेळ. साधी स्प्रिंग आणि कड्याचं लॉक दोन्ही उरकले.

साध्या स्प्रिंगबद्दल लिहिण्यासारखं वरच येऊन गेलं. वाईट चाकू नाही तो. स्विस आर्मीच्या चाकूचं मोठं पातं बहुतेक मॉडेलांत असंच, नुसत्या पाठीच्या स्प्रिंगवर उभं असतं. ब्रिटनमध्ये तर तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा आणि लॉक नसलेला मिटता चाकू तेवढा कारण न देता खिशात ठेवता येतो. पेन्सिलीला, फळाला उत्तम. भोसकायच्या कामाला नाही.

कड्याचं लॉक फ्रान्सच्या ओपिनेलचं. जोसेफ ओपिनेलनं १८९० मध्ये साव्हुआ भागात चाकू सुरू केला, त्यात लॉक नव्हतं. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेलनं मुठीच्या टोकावर चीर असलेलं फिरतं कडं बसवलं. पातं उघडा, कडं फिरवा, चीर सरकून जाते आणि कड्याची भिंत पात्याच्या बुडामागे येते. सुटा म्हणावा असा भाग जवळपास एकच. माझ्याकडचा त्याची नक्कल आहे, तरी दहा किलोला हलला नाही. कडं थोडं जास्त फिरवलं की झिजेची ढिलाईही निघते.

पण ते कडं फिरवायचं लक्षात ठेवावं लागतं. दिवसाला शेकडो कलमं बांधणारा माणूस प्रत्येक वेळी कडं फिरवेल? दुपारनंतर नाही फिरवणार. आणि लाकडी मूठ आपल्या जुलैत फुगते. परवा ओल्या फडक्यात ठेवलेला नमुना आज दोन्ही हातांनी ओढून उघडावा लागला. बाद. घरी आंबे कापण्यासाठी मात्र मी ठेवून घेणार आहे.

२० जुलै

लॉकबॅक. पाठीवर लांब दांडा, मध्ये पिन, मागे स्प्रिंग, पुढच्या टोकाला आकडा. पातं पूर्ण उघडलं की आकडा बुडाच्या पाठीवरच्या खाचेत पडतो. आवाजच सांगतो की बसलं. अमेरिकेतल्या बक कंपनीनं १९६४ मध्ये '११०' बाजारात आणला आणि त्यानंतर शिकारी, शेतकरी, ट्रकवाला, सगळ्यांच्या पट्ट्याला हा लागला. कल्पना मात्र त्याहून जुनी.

यातली एक गोष्ट मला यंत्रकाम करणारा म्हणून आवडते. पाठीवर भार आला की पिव्हटच्या वरची खाच पुढे जाऊ पाहते आणि दांड्याला ओढते. म्हणजे दांडा ताणात काम करतो. ताणात पट्टी वाकत नाही. भार जातो मधल्या पिनेवर. ३ मिमीची पिन, मऊ पोलादाची धरली तरी दोन्ही बाजूंच्या छेदांत मिळून साडेतीन हजार न्यूटनपर्यंत कातर सोसते. आपला भार १३००. म्हणून चांगला लॉकबॅक रात्रभर बादली घेऊन निवांत उभा राहिला.

उणं कुठे? पहिलं म्हणजे खाच. ती वरून उघडी, खालून बंद. चीक, माती, कापसाचा तंतू तिथे बसला की आकडा पूर्ण खाली जात नाही. बोट फिरवून पाहा : उघड्या चाकूत दांड्याचं टोक पाठीच्या रेषेत यायला हवं. जरा वर राहिलं तर लॉक लागल्यासारखं दिसतं, लागलेलं नसतं. नमुन्यांपैकी स्वस्तातल्या एकात खाचेची भिंतच तिरकी घासलेली होती. आकडा आत बसूनही भाराखाली हळूहळू वर चढायला लागला. बादली अर्धीही भरली नव्हती.

दुसरं, दाबायची जागा. ती मुठीच्या पाठीवर मध्यावर असली तर घट्ट मूठ आवळताना तळव्यानं दाबली जाऊ शकते. डेव्हिड बॉय या कारागिरानं तिथे दांड्यावर खोलगट खळ काढायला सुरुवात केली, त्यामुळे तळहाताचा मांसल भाग त्या पोकळीत राहतो, दांडा दाबला जात नाही. कानसीनं पाच मिनिटांत होण्यासारखं काम आहे. मी केलं.

वरखाली थोडी ढिलाई बहुतेक लॉकबॅकमध्ये असते, कारण भार पिव्हटच्या, दांड्याच्या पिनेच्या आणि खाचेच्या अशा तीन जागांच्या अंतरांतून जातो. अँड्र्यू डेम्कोनं कोल्ड स्टीलसाठी याची सुधारित रचना केली. तिच्यात पातं आणि दांडा यांच्यामध्ये आणखी एक आडवी पिन असते आणि दांड्याच्या पिनेचं भोक किंचित लांबट. भार मधल्या नाजूक पिनेऐवजी त्या जाड पिनेवर जातो, झीज झाली की दांडा थोडा सरकून पुन्हा घट्ट बसतो. मजबुतीच्या शर्यतीत हाच पुढे, यात मला शंका नाही. स्प्रिंग मात्र कडक. माळीकाकांनी दाबून पाहिला, अंगठा झटकला आणि परत दिला.

२७ जुलै

लायनर लॉकला आठवडा दिला, कारण स्वस्त बाजारात दहातले सात याचेच.

मुठीच्या आतल्या पातळ पत्र्याच्या पट्टीतून (तोच लायनर) एक जीभ कापून ती आतल्या बाजूला वाकवलेली असते. पातं उघडलं की जीभ सरकून बुडामागे टेकते. आताचं रूप मायकल वॉकर या अमेरिकी कारागिरानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दिलं, पण लायनर बाजूला सरकवून मिटणारे चाकू त्याआधी अमेरिकी सैन्याच्या इलेक्ट्रिशियनांकडे होतेच.

इथे भार उलटा. बुडाचा खालचा भाग मागे येतो आणि जिभेला लांबीच्या दिशेनं दाबतो. म्हणजे जीभ हा खांब झाला, आणि पातळ खांब दबावाखाली वाकतो. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनानं वाढतो. १.२ मिमीऐवजी १.५ मिमीची पट्टी घेतली की तो जवळजवळ दुप्पट. म्हणून विकत घेताना स्टीलचं नाव पाहण्याआधी व्हर्नियर लावून पट्टीची जाडी मोजा.

पण खरी मेख जाडीत नाही, कोनात आहे. बुडाचा जो पृष्ठभाग जिभेला टेकतो तो सरळ नसतो, सात-आठ अंशांचा उतार देतात. जीभ उतारावर पाचरीसारखी बसते, झीज झाली की आणखी आत सरकते, ढिलाई येत नाही. आता टूलरूमवाल्यांनी आपला अनुभव आठवावा. मोर्स टेपरचा (ड्रिल मशीनमध्ये बसणाऱ्या निमुळत्या दांड्याचा) अर्धा कोन दीड अंशाच्या आसपास. ड्रिल चक एकदा ठोकलं की आपोआप धरून राहतं, काढायला ड्रिफ्ट, म्हणजे ठोकायची पाचर, लागतो. मिलिंग मशीनचा ७/२४ टेपर अर्ध्या कोनानं ८.३ अंशांचा, तो धरत नाही, ड्रॉबारनं (मागून आवळायच्या लांब बोल्टनं) ओढून ठेवावा लागतो. लायनर लॉकचा उतार या दुसऱ्या टेपरच्या शेजारी बसतो! म्हणजे घर्षण पुरेसं असेल तर धरेल, नसेल तर सटकेल. ८ अंशांचा टॅन ०.१४. कोरड्या पोलादाचा घर्षणांक त्याच्या वर असतो, तेलकट पोलादाचा त्याच्या आसपास किंवा खाली येतो. मागे धरून ठेवायला फक्त जिभेची स्प्रिंग.

याची परीक्षा सोपी होती. कोरड्या अवस्थेत पास झालेला एक चाकू घेतला, लॉकच्या तोंडावर मशीन ऑइलचा थेंब सोडला आणि पुन्हा बादली टांगली. वाळू पडत असताना जीभ इंचाइंचानं बाहेर सरकताना भिंगातून दिसत होती, आणि मग एकदम टक्. दुसऱ्या एका नमुन्यात तेल घालूनही काही झालं नाही; त्याचा कोन मोजला तर सहाच्या आत होता. तो मिटवताना मात्र जीभ अशी अडकते की नखाला कळ लागते. या लॉकमध्ये एक बाजू सोडली की दुसरी चिकटते, आणि मधली जागा अर्ध्या-एक अंशाची. चांगला कारखाना ती पाळतो. नाव नसलेल्या चाकूत ते नशिबावर असतं.

जीभ कुठवर यायला हवी? नव्या चाकूत बुडाच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत आली तर बरं. नुसती कडेला टेकलेली असेल तर परत करा. पार पलीकडच्या पट्टीला जाऊन भिडली असेल तर झिजलाय, कामातून काढा.

आणि मिटवणं. अंगठा जिभेवर, म्हणजे पात्याच्या बरोब्बर वाटेत. जीभ सरकवायची, पातं थोडं आणायचं, अंगठा काढायचा, मग पुरतं मिटवायचं. शांतपणे केलं तर काही नाही. पण भर पावसात, दुसऱ्या हातात कलमकाडी धरून?

२८ जुलै

फ्रेम लॉक म्हणजे वरचीच कल्पना, फक्त जीभ आतल्या पत्र्याची नसून मुठीची एक बाजूच. दक्षिण आफ्रिकेचा ख्रिस रीव्ह हा कारागीर, त्याच्या सेबेंझा चाकूनं ही पद्धत रुजवली. फायदा असा की मूठ आवळली की बोटं जिभेला आतच दाबतात. तोटा डावखुऱ्याला : त्याची बोटं दुसऱ्या बाजूला येतात, तो दाब मिळत नाही, उलट अंगठ्याचा पेर जिभेला बाहेर लोटू शकतो. आपल्याकडे एक माळी डावखुरा आहे. कोनाचं गणित तेच, किंमत दुप्पट-तिप्पट. पुढे.

३ ऑगस्ट

क्रॉसबार. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत तिरक्या खाचा, त्यातून आरपार जाणारी पोलादी दांडी, दोन्हीकडे केसासारख्या बारीक तारेच्या ओमेगा आकाराच्या स्प्रिंगा. पातं उघडलं की दांडी पुढे सरकून बुडामागे येते, दाराला आतून अडसर घालावा तशी. बिल मॅकहेन्री आणि जेसन विल्यम्स यांची कल्पना, बेंचमेड कंपनीनं १९९८ मध्ये 'अ‍ॅक्सिस' नावानं आणली. पेटंटची मुदत संपल्यावर बऱ्याच जणांनी ही घेतली, म्हणूनच आता आपल्या खिशाला परवडणारे नमुने मिळतात.

बादलीच्या भाराखाली काही झालं नाही. दांडी आखूड, जाड, दोन्ही टोकांना टेकू असलेली. तिथे खांब वाकण्याचा प्रश्नच नाही. पण मला जास्त आवडलं ते हे : मिटवताना अंगठा आणि तर्जनी मुठीच्या दोन बाजूंना, दांडीची टोकं मागे ओढायची, पातं आपोआप खाली येतं, आणि बोट कुठेही त्याच्या वाटेत नाही. एका हाताचं काम. डावा-उजवा सारखाच. डावखुऱ्या माळ्याला दिला, त्यानं न विचारता मिटवून दाखवला.

शंका स्प्रिंगांची. तार बारीक, वाकून वाकून तुटते. एक तुटली तरी दुसरी दांडी धरते, पण तिरकी. मुद्दाम एका बाजूची स्प्रिंग काढून टांगलं तर भार घेतला. दोन्ही काढल्या तर अर्थातच लॉक उरलं नाही. स्प्रिंगा खर्चाची वस्तू समजायची.

कॉम्प्रेशन लॉकचा नमुना मिळाला नाही म्हणून फक्त रचना टिपतो. स्पायडर्कोची पद्धत. जीभ लायनरचीच, पण मुठीच्या पाठीकडे, बुड आणि थांब्याच्या पिनेमध्ये पाचर होऊन बसते. जिभेला खांबासारखा भार येत नाही, आडवी चेपली जाते. सोडायची कळ पाठीवर असल्यामुळे बोटं वाटेबाहेर. कागदावर तरी सगळ्यात हुशार रचना.

१० ऑगस्ट

पुतण्या आला होता. तो व्हिडिओ पाहतो. "काका, बादली काय, पाठ टेबलावर आपटा! खरं लॉक तेव्हाच कळतं."

यावर आमचं बरंच वाजलं. आपटण्यानं येणारा भार किती हे कोणी सांगू शकत नाही. हात, टेबल, चाकूचं वजन, सगळ्यावर ते ठरतं. शिवाय धक्क्यानं हलक्या जिभेला स्वतःच्या वजनानं उसळी मिळते, असा भार कलम बांधताना कधी येत नाही. चांगलं लॉकही जोरानं आपटून आपटून खराब होतं, मग आपण त्याला वाईट म्हणतो. तरी त्याच्या बोलण्यात तथ्य आहे एवढं : तिरक्या खाचेचा तो लॉकबॅक आणि तेलाचा लायनर लॉक, दोघेही घडी केलेल्या वर्तमानपत्रावर हलकी टिचकी मारताच सुटले. म्हणजे लॉक नीट बसलंय का हे पाहायला टिचकी चालेल, मजबुती मोजायला नाही. बोटं पात्याच्या वाटेबाहेर, मूठ फक्त तळव्यानं आणि अंगठ्यानं धरून. पुतण्याला हे पटलं नाही. जेवायला बसल्यावरही तो तेच सांगत होता.

मिटलेल्या अवस्थेचीही परीक्षा त्याच्याकडूनच करून घेतली : मनगटाला झटका द्यायचा. लायनर लॉकपैकी काही अशा झटक्यात उघडले. जिभेवरची बारीक गोळी पात्याच्या खळीत नीट बसत नसेल तर खिशात पडल्या पडल्या टोक बाहेर येतं. लॉकबॅक आणि साधी स्प्रिंग हलले नाहीत.

१५ ऑगस्ट

मामांचा जुना रामपुरी कुणीतरी आणून ठेवला, "हाही लाव तुझ्या यादीत." पाठीवर पट्टी-स्प्रिंग, तिला चौकोनी खिडकी, बुडावरचा दात त्या खिडकीत. चाप उचलल्याशिवाय सुटत नाही. खिडकी चारही बाजूंनी बंद असल्यामुळे दात वर चढायला वाट नाही, रचना म्हणून पक्की. पट्टी मात्र खिडकीपाशीच सगळ्यात कमकुवत. पातं लांब, नर्सरीत आणण्याची गोष्ट नाही. उत्तर प्रदेशात १९९० च्या दशकात साडेचार इंचांवरच्या पात्यांवर बंदी आल्यावर हा धंदाच बसला.

कायद्याचं एकदाच लिहून ठेवतो. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, घरगुती, शेतीच्या वा उद्योगाच्या कामासाठी बनवलेले वगळून. आपले ८० मिमीचे त्यात येत नाहीत. पण सणासुदीला शहरात पोलीस आयुक्तांचे जाहीरनामे निघतात, त्यात चाकू बाळगण्यावर बंदी असते. म्हणून चाकू नर्सरीतच, मोजून पेटीत. माळ्यानं खिशात घालून घरी न्यायचा नाही. वहिनींना हे दोनदा सांगितलं.

३१ ऑगस्ट

जन्माष्टमीपासून वडोदरा पाण्यात. काळा घोडा पुलापाशी विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी २५. सोसायट्यांत मगरी. नर्सरीची शेड छातीपर्यंत बुडाली, हजारो रोपं गेली, मावसभाऊ दोन रात्री गच्चीवर. माणसं सुखरूप. चाकूंची पेटी टेबलाच्या खालच्या खणात होती, ती गाळासकट सापडली.

४ सप्टेंबर

पेटीतले चाकू न धुता आणले. असा गाळ मला मुद्दाम कालवता आला नसता.

साध्या स्प्रिंगचे गंजले, दोन उघडलेच नाहीत. लाकडी मुठीचा कड्याचा नमुना फुगून दगड झाला.

लॉकबॅकनं जुलैतली भीती खरी केली. खाचेत चिकणमाती वाळून घट्ट बसलेली, आकडा जेमतेम कडेवर. नजरेला उघडा, लागलेला चाकू. बोट फिरवलं तर दांडा पाठीच्या वर उभा. टिचकीला सुटला. पाण्यानं धुऊन भागलं नाही, बांबूची काडी बारीक करून खाच कोरावी लागली. मग पूर्वीसारखा.

लायनर लॉकमध्ये गाळ जिभेमागच्या फटीत भरला. काहींमध्ये जीभ आतच येईना, काहींमध्ये आली पण ओल्या गाळानं तोंडाला तेलासारखं वंगण मिळालं. उघडून, पुसून, कोरडं केल्यावर नीट. पण दर वेळी स्क्रू कोण उघडणार?

क्रॉसबार नळाखाली धरला, दांडी पुढे-मागे केली, गाळ खाचांतून वाहून गेला. सगळीकडून उघडी रचना असल्याचा हा फायदा. एका चाकूच्या स्प्रिंगला गंजाचा डाग आला, ती बदलेन.

भाराच्या परीक्षेत लॉकचे चांगले नमुने जवळजवळ सारखे होते. गाळानं त्यांना वेगवेगळं केलं.

१४ सप्टेंबर

घरचा गणपती आटोपल्यावर वहिनींकडे बसून ठरवलं. नर्सरी पुन्हा उभी राहतेय, खुंटं नव्यानं भरलीत.

पिशव्या फाडायचं काम मिटत्या चाकूतून काढूनच टाकलं. त्यासाठी आखूड, आकडीसारख्या वाकड्या टोकाचं पक्कं, न मिटणारं पातं, कमरेच्या म्यानात. कोणतंही लॉक लावलं तरी टोकानं भोसकणं हा मिटत्या चाकूचा धंदा नव्हे. मावसभावाला वाटलं होतं मी शेवटी एक नाव सांगेन आणि विषय मिटेल. त्याला हे जरा खर्चिक वाटलं. वहिनींनी लगेच होकार दिला, टाक्यांचा खर्च त्यांनी मोजलाय.

कलमासाठी क्रॉसबार. बाजारातल्या पात्यांना धार दोन्ही बाजूंनी उतरती असते, कलमाला एका बाजूनं सपाट आणि दुसऱ्या बाजूनं उतरती हवी, नाहीतर छेद सपाट येत नाही आणि खुंट-काडीत फट राहते. ते मी पाण्याच्या धारेखाली हळू घासून देतो. पातं बोटाला चटका बसण्याइतकं गरम होऊ द्यायचं नाही, पाणी उतरेल, म्हणजे पोलाद मऊ पडेल. डावखुऱ्याचं उलट्या बाजूनं. घासताना धारेचा मुठीकडचा सेंटिमीटरभर भाग बोथटच ठेवायचा, म्हणजे लॉक सुटलंच तर तर्जनीवर आधी तो येतो.

मोठ्या माळीकाकांना लॉकबॅकच हवा. टक् आवाज ऐकल्याशिवाय त्यांना उघडल्यासारखं वाटत नाही. खळ काढलेला, खाच सरळ असलेला एक त्यांना दिला, सोबत बांबूची काडी पेटीच्या झाकणाला दोऱ्यानं बांधून.

लायनर लॉक नर्सरीत नको. चांगला असला तरी नको, कारण तिथे प्रत्येक चाकूवर तेलाचा हात फिरतो आणि तो बंद होणार नाही.

पेटीत लिहून ठेवायचं : आठवड्यातून एकदा टिचकी, वर्तमानपत्रावर. सुटला तो बाजूला. सुट्या ओमेगा स्प्रिंगा प्रत्येक चाकूमागे दोन जोड, मागवायच्या यादीत टाकल्या. दिवाळीनंतर गुलाबाचे डोळे भरायला घेतील तेव्हा पुन्हा सगळे स्टँडवर लावेन.